वाक्यात उपयोग करा

कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या माणसाच्या घरी मुलाचा मराठीचा अभ्यास कोणी घ्यायचा, हा प्रश्न निघतच नाही. तो माझ्याच गळ्यात येतो. गेल्या दिवाळीच्या सुटीत चौथीतल्या आमच्या चिरंजीवांनी वही पुढे केली. वर ‘पुढील शब्दांचा वाक्यात उपयोग करा’ हे सनातन फर्मान, आणि खाली उत्तरे तयार : ‘रामू ओशाळला. रामू हिरमुसला. रामूला हुरूप आला.’

“ओशाळला म्हणजे काय रे?”

“ते ठाऊक नाही, बाबा. पण वाक्य बरोबर आहे ना?”

बरोबर होते! पण ‘ओशाळला’ काढून तिथे ‘हसला’ घाला, ‘पडला’ घाला, ‘जेवला’ घाला. रामूचे काही बिघडत नाही. ज्या वाक्यात कुठलाही शब्द बसतो, ते वाक्य एकही शब्द शिकवीत नाही.

मी प्राध्यापकी थाटात सांगितले, “ओशाळणे म्हणजे लाजणे.” त्याने लगेच लिहिले, ‘लग्नात नवरी ओशाळली.’ आता बोला! दोष त्याचा नव्हता, मी सांगितलेल्या अर्थाचा होता. मोल्सवर्थसाहेबाने १८३१ साली आपल्या कोशात आणि दाते-कर्व्यांनी १९३२ ते १९३८ या काळात ‘महाराष्ट्र शब्दकोशा’च्या सात खंडांत शब्दांच्या वापराची उदाहरणे दिली, ती काही जागा भरायला नव्हे. मी उठून कोश काढला, पान उघडले. इतक्यात फराळाला मंडळी आली आणि ओशाळणे तिथेच राहिले.

दुसऱ्या दिवशी चाचणी परीक्षेचा गठ्ठा मोजला, तर ४० पैकी ३९ च उत्तरपत्रिका! चिरंजीव आदल्या दिवशी त्याच टेबलावर कागदाच्या होड्या करीत बसले होते. झाले, शेजाऱ्यांदेखत मी त्याला फैलावर घेतले. “मी नाही घेतली,” असे तो तीनदा म्हणाला. चौथ्यांदा काहीच बोलला नाही. रात्री न जेवताच निजला.

अकराच्या सुमारास कोश जागेवर ठेवायला उचलला, तर आतून उत्तरपत्रिका खाली पडली. खूण म्हणून मीच ठेवली होती. पान अर्थातच ‘ओशाळणे’चे.

सकाळी त्याला जवळ घेऊन म्हणालो, “चूक माझी होती, बाळ.” मग शेजारी जाऊनही तेच सांगून आलो, ते अधिक जड गेले. तो सारा वेळ माझ्या तोंडाकडे पाहत होता.

संध्याकाळी वही पुन्हा पुढे आली. रामूला खोडरबराने रजा मिळाली होती. त्याच्या जागी लिहिले होते : ‘हरवलेला पेपर बाबांच्याच पुस्तकात सापडला, तेव्हा बाबा ओशाळले.’

या वाक्यातला तो शब्द काढून दुसरा बसतो का, हे मी बराच वेळ पाहिले. बसेना.

सुटीच्या अभ्यासाखाली पालकांची सही लागते. ती मी मुकाट्याने केली.