मिळकतीचा विमा

मध्यमवर्गीय कुटुंब कर्त्या माणसाच्या मृत्यूची तरतूद करते. तो जिवंत असून कमावू शकणार नाही, या प्रसंगाची मात्र करीत नाही. वस्तुतः ही आपत्ती अधिक जड असते, कारण मिळकत थांबते आणि औषधोपचाराचा खर्च वाढतो.

सरकारी सेवकाला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा आधार आहे. सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून त्याला काढता येत नाही. झेपेल असे दुसरे काम त्याच वेतनश्रेणीत द्यावे लागते. खासगी कचेरीतील कारकून किंवा शिकवणी घेणारा पदवीधर यांना हा आधार नाही.

वर्षाला २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना उपयुक्त खरी. पण संपूर्ण अपंगत्वाला ती दोन लाख रुपये देते. दरमहा २५,००० रुपये कमावणाऱ्याची ही अवघी आठ महिन्यांची मिळकत होय. शिवाय ती अपघातापुरतीच आहे. पक्षाघाताने हात लुळा पडल्यास तिचा उपयोग नाही.

म्हणून विमा घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. आजाराने आलेले अपंगत्व त्यात धरले आहे काय? तात्पुरत्या अपंगत्वात दर आठवड्याला रक्कम मिळते काय? आणि असमर्थता कशाची धरली आहे: नेहमीच्या कामाची, की कोणत्याही कामाची? दुसऱ्या प्रकारच्या शर्तीत आवाज गमावलेल्या शिक्षकाचा दावा, त्याला कारकुनी जमेल एवढ्यावरून नाकारला जाऊ शकतो. स्वस्त हप्त्याकडे पाहून विमा घेणाऱ्याने हे विसरून चालणार नाही की, संकटात कामी येतात त्या शर्ती.