काविळीचा विषाणू आणि पंगतीतले ताट

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास असावा, गुणवंतांची नावे असावीत, देणगीदारांचे ऋण व्यक्त झालेले असावे. ते सर्व या अंकात अन्यत्र आहेच. आम्हांस येथे एका शास्त्रज्ञाविषयी आणि त्याच्या शोधामुळे निवासी शाळांपुढे उभ्या राहिलेल्या एका प्रश्नाविषयी लिहावयाचे आहे. शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. बारूच ब्लूमबर्ग. प्रश्न असा की, ज्या मुलाच्या रक्तात हिपॅटायटिस बी या काविळीचा विषाणू आढळला, त्याला वसतिगृहात कसे वागवावे? आमचे उत्तर आरंभीच सांगतो : इतर मुलांप्रमाणेच. त्याचे ताट, पेला, अंथरूण, बाक यांपैकी काहीही वेगळे करण्यास आधार नाही. हे उत्तर केवळ करुणेतून आलेले नाही. ते शास्त्रावर उभे आहे.

ब्लूमबर्ग यांचा जन्म २८ जुलै १९२५ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. काविळीचा विषाणू शोधावयाचा म्हणून ते निघालेच नव्हते. एकाच रोगाला एक माणूस बळी पडतो व दुसरा सहज तरतो, असे का, हे कोडे त्यांना पडले होते. त्याचे उत्तर रक्तातील प्रथिनांच्या आनुवंशिक भेदांत सापडेल, या अपेक्षेने त्यांनी देशोदेशींच्या लोकांच्या रक्ताचे नमुने जमविले. ज्यांना वारंवार दुसऱ्याचे रक्त द्यावे लागते अशा हिमोफिलियाच्या रुग्णांच्या रक्तद्रवाशी ते हे नमुने पडताळून पाहत. अशाच एका पडताळणीत न्यूयॉर्कच्या एका रुग्णाचा रक्तद्रव आणि ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीचा रक्तद्रव यांच्यामध्ये जेलीच्या थरात एक रेघ उमटली. हार्वे आल्टर यांच्या सहकार्याने झालेले हे काम १९६५ साली प्रसिद्ध झाले आणि त्या पदार्थाला 'ऑस्ट्रेलिया प्रतिजन' असे नाव पडले. त्याचा संबंध प्रथम रक्ताच्या कर्करोगाशी असावा असे वाटले. पुढे पूर्वी निर्दोष ठरलेल्या एका रुग्णाच्या रक्तात तो दिसू लागला आणि त्याच सुमारास त्याला कावीळ झाल्याचे आढळले. ब्लूमबर्ग यांच्या प्रयोगशाळेतील एका तंत्रज्ञ स्त्रीलाही कावीळ झाली व तिच्या रक्तात तीच रेघ उमटली. ऑस्ट्रेलिया प्रतिजन हे हिपॅटायटिस बी विषाणूचे बाह्य आवरण होते. १९७६ साली ब्लूमबर्ग यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्यांचा जन्मदिवस आज जगभर हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो.

आपल्याकडे कावीळ म्हटली की डोळे पिवळे होणे, आणि पिवळेपणा ओसरला की कावीळ उतरली, असा हिशेब आहे. कोणी डोक्यावर माळ घालतो व ती लांबत जाते; कोणी चुन्याच्या पाण्याने हात धुवावयास लावतो व पाणी पिवळे होते. दूषित पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ए ची कावीळ बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआपच बरी होते, त्यामुळे श्रेय माळेला मिळते. हिपॅटायटिस बी चा मार्ग निराळा आहे. प्रौढ माणसाला त्याचा संसर्ग झाला तर बहुधा शरीर तो निपटून टाकते. मात्र प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाला तो मिळाला, तर दहांपैकी नऊ बाळांमध्ये तो कायम वस्तीला राहतो. डोळे पिवळे होत नाहीत, ताप येत नाही. तीसचाळीस वर्षांनी यकृत आकसते किंवा त्यात कर्करोग होतो. पामर बीस्ली यांनी तैवानमधील २२,७०७ पुरुषांचा पाठपुरावा करून १९८१ साली दाखवून दिले की, विषाणूवाहकांना यकृताच्या कर्करोगाचा धोका इतरांहून दोनशे पटींपेक्षा अधिक असतो.

परंपरागत औषध म्हणजे सारी अंधश्रद्धाच, असेही आम्ही म्हणत नाही. आपल्या बांधावर उगवणारी भुईआवळी ब्लूमबर्ग यांनी स्वतः तपासण्यास घेतली. मद्रासच्या संशोधकांसह त्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेला निष्कर्ष आशादायक होता. पुढील चाचण्यांत तो टिकला नाही. नोबेल मिळालेल्या माणसाने भुईआवळीला हसून झटकले नाही, आणि केवळ त्याचे नाव होते म्हणून जगाने ते औषध स्वीकारलेही नाही. आमच्या मते विज्ञानाच्या तासाला हा प्रसंग अवश्य सांगावा.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. न्यूयॉर्कमधील स्टेटन आयलंडवर विलोब्रुक नावाची मतिमंद मुलांची सरकारी निवासी शाळा होती. चार हजारांच्या जागेत सहा हजार मुले कोंबलेली होती. १९५६ पासून डॉ. सॉल क्रुगमन यांनी तेथील मुलांना काविळीचा मुद्दाम संसर्ग घडवून प्रयोग केले. शाळेचे दरवाजे नव्या मुलांना बंद असतानाही या प्रयोगाच्या विभागात मात्र प्रवेश मिळत असे. अशा स्थितीत पालकांनी दिलेल्या संमतीला संमती म्हणावे काय? काविळीचे दोन वेगळे प्रकार आहेत हे १९६७ साली सिद्ध झाले ते या मुलांच्या देहावर. पुढे विलोब्रुकमधून बाहेर आलेली मुले शहरातील शाळांत जाऊ लागली, तेव्हा त्यांपैकी काही विषाणूवाहक आहेत म्हणून त्यांना वेगळे काढण्याचा घाट तेथील शिक्षण मंडळाने घातला. प्रकरण न्यायालयात गेले. १९७९ साली न्यायालयाने निर्णय दिला की, या मुलांपासून असलेला धोका दूरच्या शक्यतेपलीकडचा आहे हे मंडळाला दाखविता आलेले नाही. सबब त्यांना वेगळे काढता येणार नाही. ज्यांच्या रक्तातून ज्ञान मिळविले त्यांनाच वर्गाबाहेर ठेवावयाचे, याहून मोठी कृतघ्नता आम्हांस ठाऊक नाही.

हा विषाणू रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाकडे जातो. एका ताटात जेवल्याने, एका माठातील पाणी प्यायल्याने, शेजारी झोपल्याने, खोकल्याने तो जात नाही. वेगळा पेला म्हणजे काय असते, हे या अंकाच्या वाचकांना आम्ही समजावून सांगण्याची गरज नाही. ते आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगले आहे. तोच पेला आरोग्याचे नाव घेऊन आपल्याच भोजनगृहात येऊ नये.

तरीही पालकांची भीती खोटी म्हणून टाळता येत नाही. शेकडो मुले एकत्र राहतात तेथे खरचटते, नाकातून रक्त येते, घाईत दुसऱ्याचे ब्लेड वापरले जाते. या भीतीचे उत्तर लस हे आहे. ब्लूमबर्ग व अर्व्हिंग मिलमन यांनी १९६९ मध्ये सुचविलेल्या पद्धतीतून पहिली लस तयार झाली व १९८१ साली अमेरिकेत मान्य झाली. तैवानने १९८४ पासून नवजात बालकांना ती देणे सुरू केले आणि दहा वर्षांत ६ ते १४ वयोगटातील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. भारतात २०११ पासून ती देशभरच्या नियमित लसीकरणात आहे. पहिली मात्रा जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यावयाची असते. घरी झालेल्या बाळंतपणात नेमकी हीच मात्रा चुकते.

म्हणून आमचे सांगणे असे की, प्रवेशाच्या वेळी रक्ततपासणीचा दाखला मागू नये, लसीकरणाचे कार्ड मागावे. ते नसेल अथवा अपुरे असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सल्ल्याने उरलेल्या मात्रा पूर्ण कराव्यात. सर्व मुलांचे लसीकरण झालेले असेल, तर कोणाच्या रक्तात काय आहे हे अधीक्षकांनाही ठाऊक असण्याचे कारण उरत नाही. कोणाचे रक्त कोणत्याही कारणाने सांडले तरी ते हातमोजे घालून पुसावे. दाढीचे ब्लेड आणि दात घासण्याचा ब्रश ज्याचा त्याचा असावा. जत्रेत एकाच सुईने गोंदवून घेण्याला सुटीवर जाणाऱ्या मुलांना स्पष्ट शब्दांत मनाई करावी.

माजी विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांचा जन्म ही लस सर्वत्र मिळू लागण्यापूर्वीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोक हिपॅटायटिस बी सह जगत होते, आणि त्यांपैकी फार थोड्यांना ते ठाऊक आहे. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत तपासणी व उपचार विनामूल्य मिळतात; विषाणूला आटोक्यात ठेवणारी रोजची गोळीही त्यांत आहे. स्नेहसंमेलनाला येणाऱ्यांनी तत्पूर्वी ही तपासणी करून घ्यावी. घरात कोणी गरोदर असेल, तर तिची तपासणी सर्वांत आधी व्हावी.