अपवर्तनांक : अंक यंत्राचा, निर्णय वैद्याचा

फार्मसीत येणाऱ्या तिळतेलाची व मधाची परीक्षा केवळ रंग-गंधावर सोडणे आता उचित नाही. अपवर्तनांक मोजणाऱ्या ऑप्टिकल कॅव्हिटी संवेदकांविषयी संशोधनपत्रिकांत पुष्कळ लिहिले जाते. फॅब्री व पेरो यांच्या १८९९ मधील उपकरणाचेच हे तत्त्व : समोरासमोरच्या दोन आरशांत प्रकाश वारंवार परावर्तित होतो, मधल्या द्रवाचा अपवर्तनांक किंचित बदलला तरी अनुनादी तरंगलांबी सरकते. दहा लाखांत एक इतका फरकही प्रयोगशाळेत टिपता येतो.

तथापि तेलाचा अपवर्तनांक दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.०००४ ने उतरतो. तापमान स्थिर नसेल तर ही सूक्ष्मता व्यर्थच. शिवाय मधाचा जलांश कळला तरी भेसळ कळत नाही; तितक्याच जलांशाचा साखरेचा पाक जवळपास तोच अंक दाखवितो.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे, की प्रत्येक फार्मसीने आधी साधे ॲबे रिफ्रॅक्टोमीटर घ्यावे, तेल ४० अंशांवर मोजावे, प्रत्येक खेपेची नोंद ठेवावी आणि संशयित माल पुढील तपासणीविना कढईत घालू नये. यंत्राचा अंक हे प्रत्यक्ष. त्यावरून अनुमान वैद्यानेच करावयाचे आहे.