आवडीपलीकडचे गाणे

‘एंजॉय एंजामी’ हे तमिळ गाणे मार्च २०२१ मध्ये आले आणि जगभर वाजले. असल्या गाण्यांना ‘धांगडधिंगा’ म्हणून नाक मुरडणारे सुशिक्षित आपल्यातही आहेत. आमचे कान वामनदादांच्या शब्दांवर पोसलेले. हा ठेका आम्हालाही रुचत नाही. पण रुची म्हणजे पुरावा नव्हे! गाण्यात कोण बोलतो, हे तपासले पाहिजे.

येथे बोलतो आंबेडकरवादी रॅपर अरिवू. श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबूनही भूमिहीनच राहिलेल्या पूर्वजांची, आजीकडून ऐकलेली कहाणी त्याने मांडली. हीच व्यथा आपल्या नियतकालिकांत शेकड्यांनी वाचली असती. ठेक्यावर आली म्हणून कोट्यवधींनी ऐकली.

पुढे काय झाले? ऑगस्ट २०२१ मध्ये ‘रोलिंग स्टोन इंडिया’च्या मुखपृष्ठावर या गाण्याची गायिका झळकली, अरिवू गायब! दिग्दर्शक पा. रंजित यांनी जाहीर जाब विचारला, टीकेची झोड उठली, तेव्हा कुठे त्यालाही मुखपृष्ठ मिळाले.

कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ कर्त्याचे नाव राखते. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीलाही संरक्षण दिले. पण हक्क मागणाऱ्याच्या पाठीशी समाज लागतो. ज्याचे गाणे आपणच धांगडधिंगा म्हणून झटकले, त्याच्या श्रेयासाठी आपण कोणत्या तोंडाने भांडणार?