झोप, विसराळूपणा आणि संशोधनाची चाळणी: नेहमीचा रुग्णच बाहेर राहतोय का?

रात्री झोप लागत नाही आणि दिवसा चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही. साठीच्या पुढच्या अनेकांची ही जोडतक्रार असते. या दोन्हींचा एकमेकांशी काय संबंध, यावर जगभर अभ्यास सुरू आहेत आणि त्यासाठी ज्येष्ठ स्वयंसेवक लागतात. पण नाव दिलं म्हणजे निवड झाली, असं होत नाही. अटींची लांबलचक यादी असते. त्यातल्या काही अटी रुग्णाच्या सुरक्षेसाठी असतात, तर काही संशोधकांच्या सोयीसाठी. या दुसऱ्या प्रकारच्या अटींवर प्रश्न विचारायलाच हवेत.

संशोधन का गरजेचं आहे?

ब्रिटनमधील सरकारी कर्मचाऱ्यांवरच्या 'व्हाइटहॉल २' अभ्यासात सुमारे ८ हजार जणांच्या २५ वर्षांच्या नोंदी तपासल्या गेल्या. पन्नाशी, साठी आणि सत्तरीत सातत्याने ६ तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांमध्ये डिमेन्शियाचा धोका ३० टक्क्यांनी जास्त दिसला. हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र कमी झोपेमुळे स्मृती बिघडते, की मेंदूतल्या सुरुवातीच्या बदलांमुळे झोप बिघडते, हे अशा नोंदींवरून ठामपणे सांगता येत नाही. त्यासाठी स्मृतिदोष सुरू होत असतानाच माणसांचा अभ्यास करावा लागतो.

भारतासाठी हा प्रश्न छोटा नाही. देशात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना, म्हणजे ७.४ टक्के ज्येष्ठांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. हे प्रमाण महिलांमध्ये आणि ग्रामीण भागात जास्त आहे.

अटी कोणत्या असतात?

प्रत्येक अभ्यासाच्या अटी वेगळ्या असतात. साधारणपणे ठरावीक वयोगट, स्मृतिचाचणीत ठरावीक गुण आणि रोजचे व्यवहार स्वतः करता येणं, या गोष्टी पाहतात. पक्षाघात, फिट्स, तीव्र नैराश्य, दारूचं व्यसन, रात्रपाळी, झोपेच्या गोळ्या किंवा झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असेल तर अनेकदा नकार मिळतो. एमआरआय करायचा असेल, तर काही पेसमेकर आणि शरीरातले धातूचे भाग अडचणीचे ठरतात. शिवाय रुग्णाला जवळून ओळखणारी एक व्यक्ती सोबत लागते.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या स्थिर ठेवायच्या, हे इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षीच शिकवतात. त्यामुळे या यादीमागचा तर्क मला पटतो. पेसमेकरची अट तर जिवाशी निगडित आहे. पण गोळ्या घेणारे, घोरणारे, एकटे राहणारे असे सगळे वगळले, तर उत्तर मिळेल ते मोजक्या 'स्वच्छ' रुग्णांपुरतं. दवाखान्याच्या रांगेत बसलेले ज्येष्ठ मात्र तसे नसतात.

गुणांचा घोळ

स्मृतिदोष ओळखण्यासाठी 'मोका' ही चाचणी खूप वापरली जाते. एकूण गुण ३०. साधारण २६ किंवा जास्त म्हणजे ठीक. त्यात घनाची आकृती बघून काढायची, घड्याळ काढून ११ वाजून १० मिनिटं दाखवायची, १०० मधून ७-७ वजा करत जायचं, असे प्रश्न असतात. शिक्षण १२ वर्षं किंवा कमी असेल, तर १ गुण वाढवून मिळतो. म्हणजे बारावी झालेल्याला १ आणि शाळेची पायरीही न चढलेल्या आजींनाही १! आजींचा घन चुकला, तर तो आजाराचा परिणाम की हातात कधी पेन्सिलच न आल्याचा? ज्या गटात आजाराचं प्रमाण जास्त, तोच इथे गळण्याची शक्यता आहे.

यावर उपाय नाही असं नाही. हरियाणातील बल्लभगडच्या ग्रामीण भागात निरक्षर ज्येष्ठ डोळ्यांसमोर ठेवून 'हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन' ही चाचणी १९९० च्या दशकातच तयार झाली होती. अशा चाचण्या वापरणं आणि प्रत्येक नकाराचं कारण नोंदवून जाहीर करणं, एवढी अपेक्षा संशोधकांकडून ठेवणं रास्त आहे. सोबतीच्या अटीचंही तसंच. मुलं परदेशात आणि आई-वडील पुण्यात, अशी कितीतरी घरं आहेत. तिथे शेजारी किंवा फोनवरून रोज बोलणारी मुलगी का चालू नये?

तुम्ही काय करू शकता?

'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया' या सरकारी संकेतस्थळावर चाचण्यांच्या अटी मोफत वाचता येतात. १५ जून २००९ पासून औषध चाचण्यांची तिथे नोंद बंधनकारक आहे. एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, ते पाहा. संमतिपत्र मराठीत मागा. कारण न देता कधीही बाहेर पडता येतं. २०१९ च्या नियमांनुसार औषध चाचणीमुळे इजा झाली, तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे.

निवड व्हावी म्हणून झोपेची गोळी परस्पर बंद करू नका. ते धोक्याचं ठरू शकतं. आणि नकार मिळाला म्हणजे तब्येत ठणठणीत आहे किंवा आजार हाताबाहेर गेला, असा अर्थ काढू नका. विसराळूपणा वाढत असेल, तर संशोधनाची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. आणि तुम्हाला नाकारलं असेल, तर 'कोणत्या अटीमुळे?' हे जरूर विचारा.