ध्रुवप्रकाशाची हमी नाही

अलीकडे अनेक दांपत्ये हिवाळ्यात नॉर्वेला जाण्याचा बेत आखतात. तीन दिवस ऑस्लो, दोन रात्री ट्रोम्सो आणि आकाशात हिरवा ध्रुवप्रकाश! त्यासाठी काही जण वैयक्तिक कर्जही काढतात. कर्जाचा हप्ता ते काटेकोरपणे मोजतात, उत्तरेतील रात्री मात्र मोजत नाहीत.

सूर्याकडून आलेले विद्युतभारित कण सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर प्राणवायूला भिडले की हिरवा प्रकाश उमटतो. परंतु ढग त्याच्या कितीतरी खाली असतात आणि ट्रोम्सो हे समुद्रकाठचे, पुष्कळदा ढगाळ असणारे शहर आहे. उष्ण सागरी प्रवाहामुळे ६९ अंश उत्तर अक्षांशावरही तेथील जानेवारीचे सरासरी तापमान उणे चारच्या आसपास राहते. ही ऊब आणि ते ढग, दोन्ही एकाच समुद्राची देणगी! म्हणून ऑस्लोचा मुक्काम आखडता घेऊन उत्तरेत चार-पाच रात्री तरी काढाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिवाय तेथील काळोखही पाहण्याजोगा असतो. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. दुपारी काही तास बर्फावर निळसर संधिप्रकाश तेवढा पसरतो. त्यात दोघांनी बंदरावर निवांत फिरावे. त्याला तिकीट पडत नाही.

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा असतो. निसरडे रस्ते लक्षात घेता ही अट जाचक वाटू नये. बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे मात्र तेथेच विकत घ्यावेत.