पोच देण्याआधी नोंद

संकेतस्थळावरील संपर्क अर्ज भरून ‘पाठवा’ हे बटण दाबल्यावर पडद्यावर उमटणारे ‘आपला संदेश पोहोचला’ हे वाक्य पुष्कळदा पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेतील ‘मेल’ या एका फंक्शनच्या होकारावर विसंबून दाखवले जाते. वस्तुतः तो होकार इतकेच सांगतो की सर्व्हरवरील टपालयंत्रणेने पत्र स्वीकारले, आणि ते पुढे कोणाच्या पेटीत पडले की स्पॅममध्ये गेले याविषयी तो मौनच पाळतो. सरकारी कचेरीत आवक नोंदवहीत चढल्याशिवाय कागदाला पोच मिळत नाही. तोच क्रम येथेही हवा, म्हणजे मजकूर आधी डेटाबेसमध्ये, त्याचा क्रमांक पडद्यावर आणि ईमेल त्यानंतर. नोंद होताच वाचकाला दुसऱ्या पानावर वळवले, तर पान ताजे केल्याने तीच मागणी दुसऱ्यांदा चढत नाही.

ही नोंद अचूकही असायला हवी. वरुड तालुक्यातील शेंदुरजनाघाट संत्र्याच्या कलमांसाठी ओळखले जाते. तेथील एखाद्या रोपवाटिकेच्या अर्जात अकोल्याकडील शेतकऱ्याने मराठी कळफलकावरून कलमांची संख्या ‘५००’ अशी भरली आणि प्रोग्रामने तिचे थेट पूर्णांकात रूपांतर केले, तर पीएचपी देवनागरी अंक ओळखत नसल्याने नोंद शून्य कलमांची होते, आणि पोच मात्र बिनबोभाट जाते. गावाच्या नावाचीही तीच गत आहे: ‘स्ट्रलेन’ हे फंक्शन अक्षरे न मोजता बाइट मोजते, युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून ‘शेंदुरजनाघाट’ची लांबी ३६ भरते आणि तीसची मर्यादा घातलेला अर्ज हे गाव नाकारतो, ‘एमबी_स्ट्रलेन’ वापरल्यास ती १२ येते. चाचणीच्या वेळी केवळ इंग्रजी मजकूर भरून पाहणाऱ्यांना हे दोष दिसणारच नाहीत.

अर्जदाराला ईमेलने जाणाऱ्या पुष्टीपत्राचा धोका याहून मोठा आहे. अर्जात कोणीही कोणाचाही ईमेल पत्ता टाकू शकतो, आणि भरलेला मजकूर पुष्टीपत्रात जसाच्या तसा परत पाठवला, तर त्रयस्थाला जाणारी जाहिरात संकेतस्थळाच्या मालकाच्या नावावर खपते. म्हणून पत्रात नोंदक्रमांकाखेरीज फारसे काही असू नये. मालकाला मागणी कळवणाऱ्या ईमेलमध्येही प्रेषक म्हणून स्वतःच्याच डोमेनचा पत्ता द्यावा आणि ग्राहकाचा पत्ता ‘रिप्लाय-टू’ या ओळीत ठेवावा, कारण कोणता सर्व्हर कोणत्या डोमेनच्या नावाने पत्र पाठवू शकतो हे पडताळणाऱ्या एसपीएफ आणि डीमार्क या व्यवस्था उसना प्रेषक खपवून घेत नाहीत.

अर्थात, ज्याच्याकडे ईमेलच नाही त्याला या पत्राचा उपयोग नाही, आणि व्यावसायिक एसएमएससाठी दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८च्या विनियमांनुसार मजकुराचा नमुना आधी नोंदवावा लागतो. तोवर पडद्यावरचा ठळक क्रमांक पुरतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचता येण्याची सोय द्यावयाची आहे, आणि कलमांच्या मागणीसाठी आधार क्रमांक विचारण्याचे तर काहीच कारण नाही.